अजिंठ्याहून अकरावीला

दहावीचा निकाल हाती आल्यावर मुलाला पुढे कुठे घालायचे आणि तिथे त्याला कोण घेणार, ही काळजी आजच्या पालकांची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती जुनी आहे. शाळा संपते आणि पदवीचे शिक्षण सुरू होते, त्यांच्यामधल्या या दोन वर्षांना आपल्याकडे दर पंचवीस-तीस वर्षांनी नवे नाव मिळत आले. कधी इंटरमीडिएट, कधी पी.यू.सी., कधी प्री-डिग्री, आता अकरावी-बारावी. नाव बदलले की प्रवेशाचे नियम बदलले आणि नियमांबरोबर परीक्षेची भाषाही बदलली. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांनी हे बदल एका शतकात अनेकदा पाहिले. त्यांचा हिशेब मांडताना एखादे गाव समोर असलेले बरे, म्हणून मी अजिंठा हे गाव निवडले आहे.

अजिंठा म्हटले की सगळ्यांना लेणी आठवतात. लेण्यांना ज्या गावाने नाव दिले ते गाव मात्र घाटाच्या माथ्यावर, जळगाव रस्त्यावर, पर्यटकांच्या गाडीच्या खिडकीतून मागे पडते. आसफजाही काळातला तट, वेस आणि बारादरी असलेले हे गाव. १८०३ च्या असईच्या लढाईतले इंग्रजांचे जखमी सैनिक इथे आणून ठेवले होते. लेण्यांतील चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल इथल्याच बारादरीत वर्षानुवर्षे राहिला. निजामाच्या राज्यात अजिंठा सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होते. आज ते सिल्लोड तालुक्यात आहे. सिल्लोड सुमारे पस्तीस किलोमीटरवर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शंभराच्या आसपास आणि घाट उतरून उलट दिशेला गेले तर जळगाव साठएक किलोमीटर. ही अंतरे वाचकांनी लक्षात ठेवावीत. प्रवेशाच्या नियमांत ती कुठेही लिहिलेली नसतात, तरी त्यांचे काम चालूच असते.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजात पाऊल ठेवता येत नसे, आणि मॅट्रिक म्हणजे प्रामुख्याने इंग्रजीची परीक्षा. त्या काळी अजिंठ्याच्या मुलाला तिच्याशी काही कर्तव्य नव्हते. तो निजामाच्या मुलखातला. त्याच्या राज्याचा कारभार १८८० च्या दशकापर्यंत फारसीत चालत होता, नंतर तो उर्दूत आला. पहिल्या सालारजंगांनी १८५० च्या दशकात हैदराबादेत दारुल उलूम सुरू केले, ते अरबी-फारसीचे. १८८७ मध्ये निझाम कॉलेज निघाले, ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले आणि इंग्रजीचे. म्हणजे दिवाणसाहेबांच्या स्वतःच्या जहागिरीतल्या रयतेच्या मुलाने शिकायचे ठरवले तर त्याला दोन वाटा होत्या, दोन्ही कित्येक मैलांवरच्या राजधानीत. एका वाटेवर फारसी उभी होती आणि दुसरीवर इंग्रजी. मराठी आणि दक्खनी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, मुलान्याच्या घरात या दोन्ही भाषा पाहुण्याच होत्या.

१९१७ च्या फर्मानाने या चित्रात मोठा फरक पडला. मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाचे विद्यापीठ काढायला मंजुरी दिली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीडिएटचे वर्ग सुरू झाले. हिंदुस्थानात त्या वेळी एतद्देशीय भाषेतून रसायन, भौतिक, गणित, इतिहास शिकवणारे असे दुसरे विद्यापीठ नव्हते. त्यासाठी दारुल-तर्जुमा हे भाषांतराचे खाते आधीच उघडले होते. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणायचे, नव्या संज्ञा घडवायच्या आणि त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायच्या, हे काम तिथे पगारी विद्वानांकडून करून घेतले गेले. आज मातृभाषेतून उच्च शिक्षणावर भाषणे देणाऱ्यांना हा प्रयोग सहसा आठवत नाही. आठवला तरी तो निजामाचा असल्यामुळे त्याचे नाव घ्यायला संकोच वाटतो. मला तसा संकोच वाटत नाही. मात्र त्या प्रयोगाची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी.

शिक्षणाची शिडी अशी होती. प्राथमिक म्हणजे तहतानिया, मिडल म्हणजे वुस्तानिया, हायस्कूल म्हणजे फौकानिया. फौकानियाच्या शेवटी उस्मानिया मॅट्रिक. ती उर्दूतून द्यायची, इंग्रजी हा विषय सक्तीचा, आणि धर्म-नीतीच्या शिक्षणात मुसलमान मुलांना दीनियात तर इतरांना अख्लाकियात. मॅट्रिक पास झाल्याचा दाखला असेल तर इंटरमीडिएटला प्रवेश. १९२३ मध्ये औरंगाबादला उस्मानिया इंटरमीडिएट कॉलेज निघाले आणि मराठवाड्याच्या मुलाला हैदराबादची लांबची वाट पहिली दोन वर्षे तरी टळली. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. योगायोग असा की वऱ्हाडात अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले तेही १९२३ मध्येच. घाटाखाली खानदेशात जळगाव, अमळनेरला कॉलेज यायला मात्र चाळीसचे दशक उजाडावे लागले. म्हणजे वीस वर्षे तरी अजिंठ्याहून सर्वात जवळचे कॉलेज औरंगाबादचेच होते.

या कॉलेजाचे प्राचार्य मौलवी अब्दुल हक. उर्दू जगत त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणते. ते आधी औरंगाबादला शिक्षण खात्याचे अधिकारी होते. १९१२ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सेक्रेटरी झाले आणि अंजुमनचा सारा कारभार औरंगाबादेतून चालवू लागले. ‘उर्दू’ हे त्यांचे त्रैमासिकही १९२१ मध्ये इथूनच निघाले. १९३० मध्ये ते प्राचार्यपदावरून निवृत्त झाले. वली आणि सिराज यांचे हे शहर त्या काळात पुन्हा एकदा उर्दूची राजधानी झाले होते म्हणायला हरकत नाही. शाळा तपासणारा अधिकारीच पुढे कॉलेजाचा प्राचार्य होतो, म्हणजे गावातल्या वुस्तानियाची अवस्था काय आहे आणि तिथून कोणते पोर वर येऊ शकेल, याची जाण असलेला माणूस दारात उभा असतो. आजच्या प्रवेशप्रक्रियेत अशा माणसाला जागा नाही.

आता दुसरी बाजू. उस्मानियाची उर्दू अजिंठ्याच्या मुसलमान मुलाला तरी मातृभाषा होती का? घरात ‘नक्को’ आणि ‘कायकू’ म्हणणारी दक्खनी, बाजारात मराठी आणि शेतावर तर निखळ मराठी. परीक्षेतली उर्दू दिल्ली-लखनौकडची, भरपूर फारसी-अरबी मिसळलेली. मुसलमान मुलाला ती निदान मशिदीतून, मक्तबातून कानावर पडलेली असे, लिपी ओळखीची असे. त्याच गल्लीतल्या मराठा, माळी किंवा महार समाजाच्या मुलाला तेवढाही आधार नव्हता. मॅट्रिकची अट सर्वांना एकच, पण ती एकाला दोन पायऱ्या चढून गाठायची होती आणि दुसऱ्याला दहा. उस्मानियाचे कौतुक करताना आपले लेखक हे वाक्य बहुधा गाळतात. ते गाळले की पुढे १९४८ नंतर काय झाले याचा अर्थ लागत नाही.

मराठीतून शिकवू पाहणाऱ्यांनी आपापली सोय केली. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी त्याच सुमाराची. अशा शाळा राज्याच्या धोरणाकडे थोडी पाठ करूनच उभ्या राहिल्या. १९३८ मध्ये तर प्रवेशाचा प्रश्न थेट राजकारणात उतरला. त्या वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या वसतिगृहातील हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हटले, त्याला मनाई झाली आणि संप पेटला. तो हैदराबादेपर्यंत पसरला. विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. निजामाच्या राज्यात ज्यांना दार बंद झाले त्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. एका विद्यापीठाने नाव काढायचे आणि दुसऱ्याने घालून घ्यायचे, गुणपत्रिका तीच. प्रवेश हा शेवटी कोणाच्या हातात किल्ली आहे याचा मामला असतो, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागले नाही.

किल्ली दहा वर्षांनी फिरली. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने निजामाचे राज्य संपले. त्यानंतर मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत मुसलमानांवर जे गुदरले ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात नोंदले गेले आणि तो अहवाल दीर्घकाळ दडून राहिला. इथे तो विषय नाही. शिक्षणापुरते पाहायचे तर १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, उर्दू जाणणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांना जाता आले ते हैदराबादला किंवा कराचीला गेले. उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम सोडून इंग्रजी घेतले. तीस वर्षांत उर्दूत तयार झालेली पाठ्यपुस्तके, संज्ञाकोश कपाटात गेले. ज्या मुलाने १९४७ मध्ये वुस्तानियात नाव घातले होते त्याला मॅट्रिकपर्यंत पोचेतो वाटच बदललेली दिसली. दहा पायऱ्या आता त्याच्या वाट्याला आल्या. शेजारच्या मराठी मुलाच्या वाट्यालाही त्या कमी झाल्या नाहीत, कारण कॉलेजात इंग्रजी होती. दोघांचीही गैरसोय सारखी झाली, असे कोणी म्हणेल. पण मराठी मुलाच्या मागे शाळा, शिक्षक, राज्य उभे राहत होते. मुसलमान घरात मात्र बाप विचारत होता, शिकून नोकरी कुठे मिळणार? हा प्रश्न आपल्या समाजात पुढे दोन पिढ्या टिकला. माझ्या मते मागासलेपणाची बरीचशी कारणे ‘मदरसा’ या शब्दाखाली ढकलून दिली जातात, तर खरे कारण या प्रश्नात आहे.

तोवर संपूर्ण मराठवाड्यात पदवीचे एकही कॉलेज नव्हते. ती उणीव भरून काढली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. वसतिगृहासह कॉलेज ही त्यामागची दृष्टी होती. खेड्यातल्या मुलाला प्रवेश देऊन भागत नाही, रात्री त्याने पाठ टेकायची कुठे हेही प्रवेशाचेच अंग आहे, हे बाबासाहेबांना स्वानुभवाने ठाऊक होते. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि उस्मानियाशी असलेला कॉलेजांचा धागा तुटला. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज उभे राहिले. ते आदल्याच वर्षी औरंगाबादहून विधानसभेवर निवडून आले होते. पोलिस कारवाईनंतर पंधरा वर्षांनी मराठवाड्यातल्या मुसलमान पालकाला ‘आपले’ म्हणता येईल असे कॉलेज मिळाले. मात्र हे सारे औरंगाबादेत. अजिंठ्याच्या मुलाला खोली, खानावळ आणि एस.टी.चे भाडे हे तीन खर्च चुकले नाहीत.

त्या काळी जुन्या मुंबई राज्यात एस.एस.सी. म्हणजे अकरावी. ती झाली की मुलगा थेट कॉलेजात, पी.यू.सी. किंवा प्री-डिग्रीच्या वर्गात. सोळा वर्षांचे पोर एकदम शहरात, एकदम इंग्रजीत. पहिल्याच वर्षी गळती मोठी असे. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये इंटरमीडिएट मोडून शाळेचे वर्ष वाढवायला सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पुढे ज्याला आपण १०+२+३ म्हणू लागलो त्याची दिशा दाखवली. महाराष्ट्राने ती घेतली. १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा झाली, त्याच वर्षी अकरावीचे वर्ग सुरू झाले आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली बोर्ड परीक्षा.

इंग्लंडात ही दोन वर्षे शाळेतच काढायची पद्धत आहे, तिला सिक्स्थ फॉर्म म्हणतात. तिथे शाळाच ठरवते की कोणत्या विषयात किती श्रेणी असली तर मुलाला तो विषय पुढे घेता येईल. शेजारच्या तेलंगणात अजूनही इंटरमीडिएट हेच नाव चालते आणि त्यासाठी वेगळे ज्युनिअर कॉलेज असते. महाराष्ट्राने दोन्ही ठेवले. अकरावी-बारावी पदवी कॉलेजालाही जोडता येते आणि माध्यमिक शाळेलाही. कागदावर हा तांत्रिक तपशील वाटतो. खेड्यातल्या मुलीच्या दृष्टीने मात्र गेल्या पन्नास वर्षांत यापेक्षा मोठा निर्णय झाला नाही, असे मला वाटते. ज्या शाळेत ती पाचवीपासून जाते, त्याच फाटकातून, त्याच ओळखीच्या शिक्षकांकडे तिला अकरावीलाही जाता आले तर बाप हरकत घेत नाही. निदान घेतली तरी आईला उत्तर देता येते. तीच अकरावी पस्तीस किलोमीटरवर असेल तर ती मुलगी पंच्याऐंशी टक्के घेऊनही घरी बसते. प्रवेशाची खरी अट इथे गुणांची नसते, फाटकाची असते.

शाळेला जोडलेल्या अकरावीत बहुतेक ठिकाणी आधी कला शाखा आली. तिला प्रयोगशाळा लागत नाही, उपकरणे लागत नाहीत, चार शिक्षकांत भागते. त्यामुळे गावातली हुशार मुलगी कलेला गेली ती आवडीने गेली असे समजू नये. तिथे दुसरे काही नव्हते. तरीही त्या कला शाखेने आपल्या मुलींचे एक मोठे काम केले. डी.एड.ला पूर्वी मॅट्रिकनंतर जाता येई, पुढे बारावीची अट आली. उर्दू प्राथमिक शिक्षिका होणे हा मुसलमान घरांना मान्य असलेला, बुरख्यासह करता येणारा, पगाराचा व्यवसाय. त्या अटीमुळे अनेक घरांनी मुलींना बारावीपर्यंत बसवले. सरकारने अट वाढवली ती शिक्षकांचा दर्जा सुधारावा म्हणून, आणि त्यातून मुलींची दोन वर्षे वाढली. २०१० नंतर शिक्षक भरती थंडावली, शिक्षक पात्रता परीक्षा आली, डी.एड.ची कॉलेजे ओस पडली. तोपर्यंत बारावी ही सवय झाली होती. स्थळ बघायला आलेली मंडळीही आता ‘लडकी बारहवी है’ हे ऐकून घेऊ लागली होती.

सवलतींचेही असेच. मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत करण्याची पावले राज्याने १९८० च्या दशकात टाकली. पण फी माफ झाली तरी बस माफ झाली नव्हती. ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आली, ती पाचवी ते दहावीसाठी. म्हणजे नेमकी जिथे गावाबाहेर जायची वेळ येते तिथे पास संपत होता. तो बारावीपर्यंत वाढवायला २०१८ साल उजाडले. मंत्रालयात बसून योजना आखणाऱ्याला दहावी हा शेवट वाटतो. सिल्लोडच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलीला ती सुरुवात असते.

आता भाषेकडे परत येऊ, कारण अजिंठ्यासारख्या गावात मुसलमान मुलाची अकरावी तिथेच अडते. बालभारती दहावीपर्यंत सगळी पुस्तके उर्दूत छापते. मूल जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत बसते, तिथून उर्दू हायस्कूलला जाते आणि उर्दूतून एस.एस.सी. देते. त्रिकोण त्याला मुसल्लस म्हणून माहीत असतो, कोन जाविया म्हणून, श्वसन तनफ्फुस म्हणून, आम्ल तेजाब म्हणून. विज्ञानात त्याला ऐंशी गुण असतात. हे ऐंशी गुण खरे असतात, कोणी खैरात म्हणून दिलेले नसतात. अकरावी विज्ञानाला प्रवेश देताना कॉलेज तेवढेच बघते आणि नाव घालते. मग जून-जुलैत वर्ग सुरू होतो, तो इंग्रजीत. बारावीच्या बोर्डाला कला शाखेत उर्दूतून उत्तरे लिहिता येतात, विज्ञान शाखा मात्र इंग्रजीची. दिवाळीपर्यंत मूल फळ्यावरचे शब्द वहीत उतरवून घेते. दिवाळीनंतर कलेला बदली मागते, किंवा मागतही नाही, गॅरेजवर बसते. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. त्यांच्यात एकही मठ्ठ नव्हता.

मराठी माध्यमाच्या मुलाचेही हेच होते, हे मान्य. पण त्याच्या शाळेत आठवीपासून, काही ठिकाणी पाचवीपासून, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग लवकर आले. उर्दू शाळांत ते उशिरा आणि कमी ठिकाणी आले. त्याला आमच्यातूनच विरोध झाला. सेमी-इंग्रजी म्हणजे उर्दूला नख लावणे, अशी भाषणे जलशांतून झाली. भाषणे करणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले उर्दू शाळेत होती, हा प्रश्न विचारायला नको होता असे नाही. दुसरीकडे, उर्दू शाळा बंद करून टाका म्हणणारेही आमच्यातच आहेत. त्यांना मी एवढेच विचारीन की मूल तिथे पहिलीत तरी जाते आहे ते कशामुळे? उस्मानियाने १९१९ मध्ये जे जुळवले होते, शाळा आणि कॉलेज एका भाषेत, ते आता कोणत्याच भारतीय भाषेत जुळत नाही. मग पूल तरी हवा. दहावी आणि अकरावीच्या मधल्या सुटीत सहा आठवड्यांचा संज्ञांचा वर्ग, मुसल्लसपासून ट्रँगलपर्यंत नेणारा, इतके जरी गावोगावच्या तालीमी संस्थांनी केले तरी प्रवेशाला अर्थ येईल. इमारती बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात दोन गोष्टी आहेत ज्या या विषयाला थेट भिडतात. सतरा वर्षांवरील मुसलमानांत मॅट्रिक झालेले सतरा टक्के, तर सर्व समाज मिळून हे प्रमाण सव्वीस टक्के. ही गोष्ट सगळ्यांनी वाचली, भाषणांत वापरली. दुसरी कमी वाचली गेली. माध्यमिक शिक्षणाचा अडसर एकदा पार केला की पुढे पदवी पूर्ण करण्यात मुसलमान आणि इतर यांच्यातला फरक बराच कमी होतो, असे समितीला दिसले. म्हणजे गळती सगळीकडे सारखी नाही, ती एका ठिकाणी दाटलेली आहे. अहवालानंतर २००७-०८ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली, आधीच्या परीक्षेत पन्नास टक्के गुण आणि पालकांचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत, या अटींवर. अकरावी-बारावीच्या अल्पसंख्याक मुलींसाठी मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनची शिष्यवृत्ती त्याआधीपासून होती. पुढे तिला बेगम हजरत महल यांचे नाव दिले. ते फाउंडेशनच बंद करण्याचा आदेश केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. राज्यात जुलै २०१४ मध्ये मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण थांबवले, शिक्षणातील चालू ठेवायला मुभा दिली. न्यायालयाने उघडे ठेवलेले ते दार सरकारने कायदा न करून डिसेंबरात मिटू दिले.

मोठ्या शहरांत या काळात वेगळेच युद्ध चालले होते. २००९ मध्ये अकरावीसाठी एस.एस.सी.च्या मुलांना नव्वद टक्के जागा राखायचा प्रयत्न झाला, तो न्यायालयात टिकला नाही. पर्सेंटाइलचे सूत्रही टिकले नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले, उच्च न्यायालयाने रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जुलैत मान्य केले. भांडण होते मुंबईच्या नामांकित कॉलेजांतल्या अर्ध्या-पाऊण टक्क्याचे. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी राज्यभर सामायिक प्रवेश परीक्षा घ्यायचे ठरले. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवर प्रवेश झाले. त्या वर्षी अजिंठ्याच्या मुलाला पहिल्यांदा मुंबईच्या मुलाइतकीच अनिश्चितता मिळाली.

२०२५ मध्ये मात्र शासनाने केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धत सगळ्या राज्याला लागू केली. तोवर ती मोठ्या शहरांपुरती होती. आता गावातल्या शाळेला जोडलेली अकरावी असली तरी तिचा रस्ता संगणकावरून. शंभर रुपये शुल्क, किमान एक आणि कमाल दहा कॉलेजांचे पसंतीक्रम. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, त्या दिवशी संकेतस्थळच बसले आणि काही दिवसांनी पुन्हा सुरुवात करावी लागली. अल्पसंख्याक संस्थांतही सामाजिक आरक्षण लागू करण्याचे कलम शासन निर्णयात होते. संस्था न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचा प्रश्न म्हणून संस्थांचे म्हणणे योग्यच होते. तेवढ्याच हिरिरीने या संस्थांनी आपल्या राखीव निम्म्या जागांवर सिल्लोड-सोयगावच्या खेड्यातली मुले किती येतात याची आकडेवारी दरवर्षी फलकावर लावावी, अशी माझी जुनी मागणी आहे. ती शहरी मुसलमानांना फारशी आवडत नाही.

जागांची टंचाई नाही. त्या वर्षी राज्यात अकरावीच्या एकवीस लाखांच्या आसपास जागा होत्या आणि दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या घरात. १९२३ मध्ये सगळ्या मराठवाड्याला एक इंटरमीडिएट कॉलेज होते, आज निम्मे वर्ग रिकामे ठेवून चालणारी कॉलेजे आहेत. अर्जातल्या दहा रकान्यांत औरंगाबादची मुलगी दहा नावे घालते. घाटमाथ्यावरच्या गावातली उर्दू माध्यमाची मुलगी नेटकॅफेत भावाला शेजारी बसवून एकच नाव घालते, चालत जाता येईल अशा शाळेचे. तिथे विज्ञान असेल तर विज्ञान, नसेल तर कला. खाली प्रणाली विचारते, आणखी पसंती नोंदवायची आहे का? भाऊ ‘नाही’वर क्लिक करतो.